मावशीची बारावी कळ

वाचकांनी मन घट्ट करावे. बातमी गंभीर आहे. ब्राह्मणपुरीची माझी थोरली मावशी माझ्या डोळ्यांदेखत अकरा वेळा मेली.

अकराही वेळा छातीच्या विकाराने, आणि शक्यतो स्वयंपाक आटोपल्यावर. "मी चालनी वं माय! मन्ही आंडेरले, मन्ही सोनीले बलावा!" अशी आरोळी ठोकून ती खाटेवर कोसळायची. एकदाच अंदाज चुकला. डोळे पांढरे झाले होते, आम्ही भोवती रामनाम घेत होतो, तेवढ्यात त्या मरणोन्मुख मुखातून शब्द आले, "दूध उतू जाई ऱ्हायनं!" आणि डोळे पुन्हा पांढरे. शहाद्याच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकले आणि बाहेर येऊन काकांना म्हणाले, "पाटील, बैल आजारी पडला तर ह्यांना औताला जुंपा." मावशीने त्यांना चहा दिला नाही.

रोगाचे मूळ खापर गावी होते. तिथे तिची एकुलती एक आंडेर, म्हणजे लेक, सोनी दिलेली. सोनीची सासू करारी. सुनेने माहेरी जायचे ते वर्षातून एकदा, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला. एरवी जायचे तर आई मरणाला टेकलेली हवी. म्हणून मावशी टेकायची. मी गावचा मास्तर, तेव्हा "प्रकृती अत्यवस्थ, सोनीस त्वरित धाडावे" हे पत्र माझ्या अक्षरात जाई. मजकूर सांगताना मावशी भाकरी थापत असे. "अत्यवस्थ जरा मोठं लिख, भाऊ." मग दोन-चार दिवसांनी दारात दमणीच्या बैलांची घुंगरं वाजत, मावशी खाट धरी, आणि सोनीने कपाळावर हात ठेवला की हळूहळू, मोठ्या मेहनतीने, जगे.

बाराव्या वेळी दमणीतून सोनीच्या आधी सासू उतरली. सोनीचा चेहरा पांढराफटक. वाटेत सासू काय बोलली ते तिने माझ्या कानात सांगितले: "सोंग निंघनं, ते आखाजीले बी माहेर बंद."

आत मावशी बेशुद्ध होती. सुरेख बेशुद्ध होती. फक्त दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले. लेकीसाठी मांडे करायला घेतले होते, आणि दमणी अर्धा दिवस लवकर आली होती.

सासूने ते पीठ पाहिले, चुलीजवळचे पुरणाचे पातेले पाहिले. काकांनी मान खाली घातली. मला माझे अक्षर आठवून घाम फुटला. सासू मात्र खाटेच्या कडेला बसली, मावशीचा हात मांडीवर घेतला आणि आपल्या पदराने एकेक बोट पुसू लागली. मावशीच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळले. अकरा मरणांत मी तिला इतकी आजारी पाहिली नव्हती. तिसऱ्या बोटापाशी ती करारी बाई थांबली, आणि सगळ्यांदेखत मोठ्याने बोलून गेली,

"तीन आखाज्या गयात, मन्ही आंडेर माहेरले उनी नही. याहीनबाई, हाई दुखनं कसं आनतस, माले बी शिकाडा!"