कडेवरचं लेकरू

परवा भाच्याच्या मुलीच्या लग्नाला यवतमाळला गेले. कार्यालय नवंकोरं, रंगाचा वासही अजून गेला नव्हता. दारातून आत पाऊल टाकलं आणि समोरची भिंत एकदम अंगावर आल्यासारखी झाली. भिंतभर एका बाईचं चित्र होतं. आरसे जडवलेला फेटिया, म्हणजे आमच्याकडचा घेरदार घागरा, गालांवर लोंबणारी चांदीची झुंबरं, दंडभर पांढऱ्या बांगड्या. बाई हसत होती. नवरीच्या मैत्रिणी तिच्यापुढे उभ्या राहून तिच्यासारखाच कमरेवर हात ठेवून फोटो काढत होत्या. त्यांना ते फार शोभूनही दिसत होतं. "आजी, तुम्हीबी या ना, तुमचा एक काढते," एकजण म्हणाली. मी नको म्हटलं आणि भिंतीकडे पाठ येईल अशी खुर्ची शोधून बसले. आता सत्तरी ओलांडली, तरी अशी चित्रं समोर आली की मला माझी याडी दिसते. याडी म्हणजे आई.

आमचा तांडा फुलसावंगीपासून कोसभरावर होता. महाराष्ट्र नुकताच झाला होता. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरत. ते दिवस मागे पडले होते आणि लोक खडकाळ माळावर ज्वारी-कापूस पिकवायला लागून दोन पिढ्या झाल्या होत्या. तरी आसपासच्या गावांच्या डोक्यात आम्ही अजून फिरतेच होतो. कुणाची कोंबडी गेली की तांड्याकडे बोट जाई. आम्हाला ते इतकं सवयीचं होतं, की उन्हाची तक्रार करू नये तशी त्याचीही कोणी करत नसे.

होळीच्या आधी पळस फुलला होता, तेव्हा एक गृहस्थ गळ्यात कॅमेरा अडकवून तांड्यावर आले. जिल्ह्याच्या गावी निघणाऱ्या एका साप्ताहिकासाठी ते फोटो काढत. माणूस वाईट नव्हता. नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, ओट्यावर बसून त्यांनी चहा घेतला, पोरांना गोळ्या वाटल्या. "तुमच्या होळीचे फोटो पेपरात येतील, सगळा जिल्हा पाहील," असं म्हणाले. मग बायांच्या पेट्या उघडल्या. याडीनं लग्नातला फेटिया काढला, मी तिच्यापुढे आरसा धरला. माझी धाकटी बहीण तेव्हा जेमतेम पावलं टाकू लागली होती. ती गोरी होती आणि तिचे डोळे घारे, आमच्या आजीवर गेलेले. आम्ही बाकीची सगळी सावळी. फोटोवाल्यांची नजर तिच्यावर गेली. "हिला कडेवर घ्या," ते याडीला म्हणाले, "आणि जरा इकडं, माझ्याकडं पाहा." याडीनं पाहिलं. तिला हसू आवरत नव्हतं म्हणून तिनं ओठ घट्ट मिटले. तेच तोंड पुढे कागदावर उमटलं आणि लोकांना ते निबर, कावेबाज वाटलं.

होळी झाली, पोळा झाला, फोटो काही आला नाही. आम्ही विसरूनही गेलो. अश्विनात त्या भागात लेकरं पळवणाऱ्या टोळीची आवई उठली. कुठून उठली, कोणाचं लेकरू गेलं, कोणालाच ठाऊक नव्हतं. पण जो तो दुसऱ्या गावचं नाव सांगे. साप्ताहिकानं त्यावर मोठा मजकूर छापला आणि मजकुरासोबत याडीचा फोटो. खाली ओळ होती, 'अशा वेशातील स्त्रियांपासून सावध राहावे.' सावळी बाई, कडेवर गोरं लेकरू. वाचणाऱ्याला मजकूर वाचायची गरजच उरली नव्हती. तांड्यावर ते साप्ताहिक येत नसे, म्हणून आम्हाला काहीच कळलं नाही.

त्याच आठवड्यात धाकटीला ताप भरला. जडीबुटी झाली, अंगारा झाला, पण ताप उतरेना. एका सकाळी तिचे डोळे वर जाऊ लागले तेव्हा याडीनं तिला पदराखाली घेतलं आणि मला म्हणाली, "चाल." बा दूरच्या वावरात राखणीला होता, त्याची वाट पाहायला ती थांबली नाही. मी शाळेत जात होते, मला मराठी येत होती, म्हणून मी सोबत. एसटीनं आम्ही तालुक्याच्या गावी उतरलो. दवाखाना तिथून हाकेच्या अंतरावर होता.

स्टँडवरच्या पानठेल्याशी एकानं आम्हाला अडवलं. "ओ बाई, थांब. हे लेकरू कोनाचं व्हय?"

"मार छोरी छ," याडी म्हणाली. माझी मुलगी आहे. घाबरली की तिला तिच्याच बोलीत बोलता येई.

"पाह्यलं का? पेपरातली हेच हाय," दुसरा ओरडला. ठेल्यावर साप्ताहिक होतंच. तो कागद याडीच्या तोंडाजवळ धरून तिचं आणि चित्राचं तोंड ताडून पाहिलं गेलं, आणि तोंड अर्थातच जुळलं. माणसं गोळा झाली. मी शाळेत शिकवलं होतं तसं नीट, स्वच्छ बोलले, "ही माझी आई आहे. ही माझी सख्खी बहीण आहे. तिला फार ताप आहे, आम्हाला दवाखान्यात जाऊ द्या." कागद धरणाऱ्यानं तो खाली घेतला. मला वाटलं, जमलं. मग मागून एक बाई म्हणाली, "अवो, तांड्यातली पोर असं बोलते का कधी? इलेबी कुठून तरी उचललं असन यायनं." आणि कोणीतरी माझा दंड धरून मला याडीपासून ओढून बाजूला केलं.

मला शाळेत घालण्यासाठी बा नायकाशी भांडला होता. चार अक्षरं आली की पोरीला कोणी फसवणार नाही, असं तो म्हणे.

गर्दीनं आम्हाला पोलीस चौकीत आणलं. तिथं जमादारानं कोणावर हात टाकला नाही. उलट गर्दीला त्यानं दाराबाहेर ठेवलं. "तांड्यावरचं कोणी येऊन ओळख देल्याबिगर मले सोडता येत नाही, बाई," एवढंच तो पुनःपुन्हा म्हणत राहिला आणि त्यानं सायकलवरून एक शिपाई तांड्याकडे पाठवला. याडी जमिनीवर बसली होती. लेकराच्या अंगाची धग तिच्या हातांना लागत होती आणि दवाखान्याची पांढरी भिंत खिडकीतून दिसत होती. "तिले आधी तिकडं न्या, मले इथंच बांधून ठेवा," ती आता मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली. जमादारानं मान फिरवली. तेव्हा तिनं, आयुष्यात परक्या पुरुषासमोर डोक्यावरचा पदर न ढळू दिलेल्या बाईनं, सगळ्यांदेखत पोरीला छातीशी लावलं. आईच आहे हे दाखवायला तिच्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं. पण पोरीला ओढायचं बळ नव्हतं. तिनं तोंड फिरवलं.

"पाह्य, लेकरू मुंडकं फिरवून राह्यलं," दारातून आवाज आला. "तिची आई असती तं पेलं नसतं का?"

याडी तेव्हा जशी ओरडली तसं मी पुन्हा कोणाला ओरडताना ऐकलं नाही. जमादारही हलला. एका शिपायाला सोबत देऊन त्यानं आम्हाला दवाखान्यात पाठवलं. पण तोवर दुपार उलटून गेली होती. डॉक्टरांनी पोरीचं मनगट धरलं, डोळ्यांची पापणी उचलून पाहिली आणि विचारलं, "सकाळीच का नाही आणलं?" शिपाई जमिनीकडे बघत उभा राहिला. ओळख द्यायला बा धावत पोचला. पण जिची ओळख द्यायची ती पोर याडीच्या मांडीवर निजल्यासारखी गार पडली होती.

पुढच्या अंकात साप्ताहिकानं बातमी दिली की नागरिकांच्या सतर्कतेमुळे एका संशयित बाईला अडवण्यात आलं. बा आणि नायक तो अंक घेऊन जिल्ह्याच्या गावी गेले, मला वाचून दाखवायला बरोबर नेलं. संपादकांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. फार सभ्यपणे ते म्हणाले, "अहो, तो फोटो नुसता नमुन्यादाखल होता. त्यात तुमच्या बायकोचं नाव कुठं छापलंय?"

"नाव नाही, साहेब," बा म्हणाला, "पन तोंड तं तिचंच हाय ना."

संपादकांनी अंक मिटून बाजूला ठेवला. "चौकशीनंतर सोडून दिल्याचं छापतो," ते म्हणाले.

"आन् माही पोर गेली ते?"

"तापानं लेकरं जातात हो. वाईट आहे, पण त्याची बातमी होत नाही."

सोडून दिल्याचं त्यांनी छापलं, जाहिरातींच्या खाली, बारीक अक्षरात. बाजारात ते कोणी वाचल्याचं दिसलं नाही. फोटो मात्र सगळ्यांनी पाहिला होता.

त्यानंतर याडीनं फेटिया घातला नाही. दंडावरच्या बांगड्या तिनं दगडानं फोडल्या, चांदी आटवून टाकली आणि फुलसावंगीच्या बाजारातून साधं लुगडं आणून नेसली. तांड्यातल्या म्हाताऱ्या बाया तिच्याशी बोलेनात. नवरा जिवंत असताना बांगड्या फोडणं त्यांना सोसलं नाही. पण गावाला किंवा दवाखान्यात जायची वेळ आली की त्याच बाया तिच्याकडून लुगडं मागून नेऊ लागल्या. काही वर्षांत अख्ख्या तांड्याचा वेश बदलला. पुढे मी शिक्षिका झाले, पुस्तकं वाचू लागले, तेव्हा एका लेखात वाचलं की शिक्षणाच्या प्रसारानं या समाजातल्या स्त्रियांनी जुना पेहराव आनंदानं टाकला. लिहिणारा चांगल्या मनाचा होता. तो लेख मी याडीला वाचून दाखवला नाही.

तिनं त्या दिवसाबद्दल मला पुढे एकदाच विचारलं. ती तेव्हा अंथरुणाला खिळली होती. "त्या दिशी मी तिच्या तोंडाकडं पाह्यलंच नाही," ती म्हणाली, "लोकांच्याच तोंडांकडं पाह्यत राह्यले. तुले आठवते का गं ती?" मी हो म्हटलं. तिचे डोळे घारे होते, ती खुदकन हसायची, असं सांगत गेले. याडी ऐकत राहिली आणि ऐकता ऐकताच झोपली.

मी खोटं बोलले होते, तिचं तोंड मलाही आठवत नव्हतं. धाकटीचा दुसरा फोटो कधी निघालाच नाही, आणि तो एक बानं त्याच वर्षी चुलीत घातला. आज तिला पाहिलेलं माझ्याशिवाय कोणी जिवंत नाही. मी डोळे मिटून तिचा चेहरा आणायचा प्रयत्न करते. ती हसत नाही, रडत नाही, हलतही नाही. पेपरातल्या शाईच्या ठिपक्यांतून येते, काळीपांढरी. आणि घारे डोळे त्यात कुठले, हे मला आता सांगता येत नाही.