आत्याचं तीर्थ आणि भिंतीवरचा समुद्र

“नारळ फोडल्याबिगर हाटेल चालू केलं काय जी यायनं?”

आत्या हे बाबांच्या कानात बोलली, त्यामुळे फक्त आजूबाजूच्या तीन टेबलांना ऐकू गेलं.

गोंदियाबाहेर नव्यानंच उघडलेल्या कॅरिबियन रम बार अँड रेस्टॉरंटच्या फॅमिली सेक्शनमध्ये आम्ही बसलो होतो. आई, बाबा, सडक अर्जुनीहून आलेली आत्या आणि मी. जागा माझीच निवड. पाटीवरचा ‘रम’ हा शब्द इंग्रजीत होता आणि पाटी वाचण्याचं काम घरात माझ्याकडे असतं. मी एवढंच सांगितलं होतं, “तिथे समुद्रकाठचं जेवण मिळतं.” (खोटं नव्हतं. अपुरं होतं.)

मला गोव्यात नोकरी लागली होती. होकार दुसऱ्या दिवशी सकाळी कळवायचा होता आणि घरात कुणालाच पत्ता नव्हता. मागे मी गोव्याचं नुसतं नाव काढलं, तर आत्या कडाडली होती, “समुद्राकाठी? काही गरज नाही! तिथं गेलेलं मानूस दारू शिकते.” बाबा तिचे धाकटे भाऊ. तिचा नकार म्हणजे घराचा नकार. म्हणून माझी योजना अशी, की आधी सगळ्यांना समुद्र दाखवायचा आणि मग विषय काढायचा.

समुद्र मात्र खरंच छान होता! भिंतभर रंगवलेला, आणि निळ्या दिव्यांत हलल्यासारखा. स्पीकरमधून लाटा येत होत्या, खिडकीबाहेरच्या धानाच्या बांधीतून बेडकं ओरडत होती. थोड्या वेळानं कॅरिबियन कुठे संपतं आणि आमचं धान कुठे सुरू होतं, तेच कळेना. आईनं चपला काढून पाय खुर्चीवर घेतले. (ओले होऊ नयेत म्हणून असेल!)

“बोदलकश्याच्या तलावाएवढा असंन काय गे?” आत्यानं विचारलं.

“त्याहून खूप मोठा,” मी म्हणाले. मनात. दोन भाषा येत असल्यामुळे मला दोन्हींमध्ये गप्प बसता येतं.

आता बोलावं, आता बोलावं, असं करत मी ओठ उघडले आणि पाहते तर आत्याची खुर्ची रिकामी!

ती काउंटरपाशी होती. तिथे नारळ ओळीनं मांडलेले. प्रत्येकाचं डोकं कापून पुन्हा झाकण ठेवलेलं, वर कागदाची छोटी छत्री. आत्याला ती पूजेची तयारी वाटली. नवं दुकान, मांडलेले नारळ आणि फोडणारं कोणी नाही! तिनं पिशवीतून कुंकवाची डबी आणि स्टीलची वाटी काढली (ती लग्नाला निघो की दवाखान्यात, या दोन वस्तू सोबत असतातच), नारळाला बोट लावलं, छत्री आपल्या अंबाड्यात खोचली आणि उंबरठ्यावर ठाण्णकन फोडला!

पाणी नेमकं वाटीत. आयुष्यभराचा सराव.

काउंटरवरचा माणूस धावत आला. “माताजी, वो तो उस टेबल का...”

“पहले हाथ आगे कर!”

त्यानं उजवा तळहात पुढे केला. तीर्थ घेतलं. हात डोक्यावरून फिरवला आणि मग त्याचा चेहरा बदलला. पण कुंकू लावलेल्या नारळाबद्दल तो तरी काय बोलणार? तो मागे सरला आणि हात जोडून उभा राहिला.

आत्या आमच्याकडे आली. आईनं घेतलं, डोळ्यांना लावलं. बाबांनी घेतलं. “अक्का, पानी जरासं आंबलं वाटते.”

“नासका निघाला! म्हंजे देवानं घेतला,” आत्या खूश. “घे, अजून घे.”

मी घाईनं मेन्यूकार्ड उघडलं. त्यात नारळाचं चित्र होतं आणि खाली स्वच्छ इंग्रजीत त्याच्या पोटातलं सगळं लिहिलेलं होतं. सांगावं, तर ही जागा कुणी निवडली हा प्रश्न येणार आणि गोवा बुडणार. न सांगावं, तर आत्या वाटी पुन्हा भरणार! तेवढ्यात ती माझ्यासमोर आली. तीर्थाला नाही म्हणत नाहीत. मी घेतलं. घशातून पोटापर्यंत एक उबदार रेघ उतरली आणि भिंतीवरची होडी हलकेच पुढे सरकली.

मग काही वेळ फार सुंदर गेला. बाबा कोणाचं तरी ऐकत असल्यासारखे हसत होते. आई डुलत होती. उरलेली वाटी आत्यानं एकटीनं संपवली आणि अंबाड्यातल्या छत्रीसकट भिंतीला पाठ टेकून ती म्हणाली, “लाटा गुडघ्यापावतो आल्या वो. थंडगार लागून राहिलं.”

“हमारा कोकोनट किधर गया?” पलीकडच्या टेबलावरून एक काका गरजले. काउंटरवरच्या माणसानं आत्याच्या अंबाड्याकडे बोट दाखवलं.

आत्यानं एक डोळा उघडला. मग माझ्या हातातलं कार्ड तिला दिसलं. “पोरी, तुले तर इंग्लिश येते. काय होतं त्याच्यात?”

बाबा वळले. आई वळली. ते काकाही वळले. नेमका तेव्हाच स्पीकर बंद पडला, समुद्र थांबला, बेडकंसुद्धा गप्प झाली. संध्याकाळभर ओठांशी अडकलेली दोन वाक्यं एकदमच बाहेर आली, आणि अख्ख्या हॉटेलला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मी म्हणाले,

“आत्या, ती रम होती, म्हणजे दारू शिकायला गोव्याला जावं लागत नाही, आपण सगळे इथंच शिकलो, तर मग मी तिकडे नोकरीला जाऊ ना?”