मथुराबाईंची सायकलवाट

मालवणजवळच्या कट्टा या बाजारगावाच्या पलीकडच्या एका गावात माझी प्राथमिक शाळेवर बदली झाली, त्या वर्षी लवू पोस्टमन नुकते निवृत्त झाले होते. त्यांच्याच पडवीतली खोली मला राहायला मिळाली होती, त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. रत्नागिरीतून आमचा जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील.

लवूंचं आयुष्य सायकलवर गेलं होतं. चढ आला की सायकल ढकलायची, व्हाळ, म्हणजे ओढा, आला की खांद्यावर घ्यायची, पण टपाल पोचवायचं. आता घरी बसून त्यांना करमेना. सायकल पुसायची, तेल घालायचं आणि घरापुढच्या खळ्यात उभं राहून रस्त्याकडे बघायचं, एवढंच काम उरलं होतं.

मथुराबाई त्यांच्या पत्नी. पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, बोलायला सडेतोड. जन्मभर लावणीच्या चिखलात उभं राहून गुडघे गेलेले. सड्यापलीकडच्या, म्हणजे वरच्या खडकाळ माळापलीकडच्या वाडीत त्यांची धाकटी बहीण सुगंधा दिलेली होती. दिवाळी झाली आणि सुगंधाच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू लुळी पडली. मथुराबाईंचा जीव तिकडे लागला, पण जायचं कसं? एसटीने गेलं तरी उतरल्यावर मोठी घाटी चढावी लागे. सड्यावरून अंतर थोडं, पण वाट सगळी खडकाळ पाणंदीतून.

"कॅरेजवर बस. मी तुका व्हरतंय," लवू म्हणाले.

"लग्नाच्या वर्साक बसललंय मी. तुमी माका व्हाळात घातलास. हाडां अजून दुखतत!"

दुसऱ्या दिवसापासून लवू सकाळी चहा घेऊन पिकाव, कोयता आणि घमेलं घेऊन बाहेर पडू लागले. विचारलं तर म्हणायचे, "सड्यार जरा काम आसा." संध्याकाळी जांभ्याच्या मातीने लाल होऊन परत यायचे.

एका रविवारी मी त्यांच्यामागे गेले. त्यांनी पाणंद सोडून दिली होती. सड्याच्या कडेकडेने, चढ टाळत, काजूच्या झाडांच्या सावलीतून वळणं घेत जाणारी एक नवीच वाट ते काढत होते. सुटे गोटे वेचून बाजूला रचलेले, खळग्यांत माती-खडी ठोकलेली, करवंदीच्या काटेरी फांद्या छाटलेल्या. व्हाळ जिथे अगदी अरुंद होता तिथे चिऱ्यांची मोरी घातलेली. लांबचा वळसा पडत होता खरा, पण लहान पोरसुद्धा न उतरता सायकल नेईल अशी वाट होती.

अर्ध्यावर गावातल्या बाबलींचा गडगा आडवा आला. दगडांचं ते कुंपण काजीच्या बागेभोवती होतं. लवूंनी वाट मागितली तेव्हा बाबली खवळले.

"गडगो मोडलो तर गुरां आत शिरतली. माजे काजी रवतले काय?"

"मोडूचो नाय रे. सायकल जायत इतकीच जागा दी. मी बेडां लावतंय. आडवे वासे घातले की गुरां येवची नाय."

"पन ह्या वाटेन जातलो कोण?"

"माजी बायल. सायकलीन."

बाबली हसायला लागले. त्यांच्या बायकोने, काशीबाईने, गडग्याच्या आतून ऐकलं. ती म्हणाली, "मथुरा सायकलीर बसली तर मी इमानात बसतंय!" हसता हसता का होईना, बाबलींनी जागा दिली.

मग लवूंनी मालवणहून एक जुनी लेडीज सायकल आणली. मथुराबाईंनी ती खळ्यात बघितली आणि वाटेची हकिगत ऐकली. मला वाटलं, खूश होतील. त्या भडकल्या.

"इतक्या सगळा केलास. माका एकदा इचारलास तरी?"

लवूंचा चेहरा उतरला. "इचारूक नाय. चुकलाच माजा. नको तर नको. वाट खंय पळान जाता?"

सायकल पडवीत लावून ठेवली. लवूंनी पुन्हा विषय काढला नाही. मथुराबाई झाडलोट करताना ती बाजूला सारायच्या.

पुढे एकदा सुगंधाचा मुलगा कट्ट्याच्या बाजाराला आला, तो घरी डोकावला. "आई धड जेवणा नाय, मावशे. सारखा तुजा नाव घेता."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मथुराबाईंनी लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला आणि नवऱ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. "चला. शिकवा माका."

शिकायला त्यांना बरेच दिवस लागले. लवू मागून सीट धरून पळायचे. त्या आधी ओरडायच्या, "सोडू नका हां!" आणि थोड्या दिवसांनी, "धरलास कित्याक? सोडा मगे!" पण लवूंच्याने सोडवेना. शेवटी एका सकाळी त्यांना धाप लागली, ते बसले आणि सायकल पुढे गेली. गेली ती थेट करवंदीच्या जाळीत. हातातले काटे काढायला मी बसले, तर मथुराबाईंना हसूच आवरेना. "बाई, पाय दुखाक नाय," त्या मला म्हणाल्या. "चालताना दुखतत, हेच्यार नाय!"

विहिरीवर बायका कुजबुजायच्या. एकीने तोंडावर म्हटलं, "म्हातारपणी बरी हौस गो!"

"भैनीक बघूक जातंय. तू येतंस?" मथुराबाईंनी विचारलं.

शिमग्यानंतर त्या पहिल्यांदा एकट्या निघाल्या. "मागून येव नका," असं बजावूनच. लवू दिवसभर खळ्यात येरझारा घालत होते. ऊन कलायला लागलं तरी पत्ता नाही, तेव्हा त्यांना राहवेना. त्यांनी आपली सायकल काढली.

परत आले ते दोघं मिळूनच, हसत. मथुराबाई बहिणीकडून वेळेवर निघाल्या होत्या. पण बाबलींच्या गडग्यातल्या बेड्यापाशी काशीबाई उभी होती. "माका बसाक दी गो जरा," म्हणाली. लवू पोचले तेव्हा काशीबाई सायकलवर होती आणि मथुराबाई मागून सीट धरून तिच्यावर खेकसत होत्या.

"आणि सुगंधाबाई?" मी विचारलं.

"पेज भरवलंय. वाडगोभर खाल्ल्यान," मथुराबाई म्हणाल्या आणि पाय धुवायला गेल्या. बराच वेळ तिथेच तोंडावर पाणी मारत राहिल्या.

पावसाळा सोडला तर आठवड्यातून एक-दोनदा त्या जात. दर पावसानंतर वाट उखडायची आणि लवू ती पुन्हा बसवायचे. हळूहळू इतरही येऊ लागले. सुट्टीच्या दिवशी कट्ट्याहून भाड्याच्या सायकली घेऊन माणसं यायची. पुढच्या दांड्यावर पोर, मागे बायको. सड्यावर भाकरी खाऊन माघारी जायची. बेडं लावायला कोणी विसरलं तर काशीबाई हाक मारून परत बोलवायची.

सुगंधा पुढे दोन वर्षं जगली. ती गेल्यावर मथुराबाईंनी सायकल बंद केली. लवूंनी तिला हात लावला नाही, फक्त टायरमधली हवा तेवढी बघायचे.

पाऊस सरला. सड्यावर गवत पिवळं पडायला लागलं होतं. एका सकाळी मथुराबाईंनी फडक्यात घावणे बांधले आणि सायकल बाहेर काढली.

"खंय चललंस?" लवूंनी विचारलं.

"खंय नाय. सड्यार जातंय जरा."

"मी येव?"

"येवा तर. पन मागे रवात, पुढे जाव नका."

मी शाळेला निघाले होते. दोघं चढ नसलेल्या त्या वाटेने सावकाश जाताना मला फाट्यापर्यंत दिसत होती. दुपारी माघारी आली तेव्हा मथुराबाईंच्या ओटीत आवळे होते आणि लवू म्हणत होते की, उद्यापासून वाट जरा पुढे वाढवूया.