विहिरीजवळची खुंटी

शाळा आठवीत सुटली आणि मी कोकणातून तासगावला द्राक्षबागेत कामाला लागलो. जुन्या ओळीला समांतर नवी ओळ विहिरीजवळच्या खुंटीतून न्यायची होती. दोनदा वाकडी गेली. तिसऱ्यांदा गेली तर मालक घरी धाडणार होते.

एसटीची वाट बघणारा एक फेटेवाला बांधावर आला. त्यानं बागेच्या ज्या कोपऱ्यातून जुनी ओळ निघते, तिथून ती पावलांनी मोजली: दोन पुढं, एक डावीकडं. "चढ, म्हंजी तिरकेपणा, त्योच ठिवायचा, गड्या. जागा तेवढी नवी." खुंटी चार पुढं, पाच डावीकडं होती. त्यानं मातीत काडीनं लिहिलं: य = क्ष/२ + ३; क्ष म्हणजे पुढची पावलं, य डावीकडची. "कोपऱ्यापास्नं डावीकडं तीन पावलांवर दुसरी खुंटी ठोक."

दोरी ताणताना त्यानं विचारलं, "गाव कंचं रं तुजं?"

चार महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी दोरीची गाठ आवळून सांगणार तोच एसटी आली, तो गेला.

ओळ सरळ आली, काम टिकलं. गावाचं नाव अजून ओठांतच आहे.