तोडीच्या चिठ्ठ्या आणि रिकामा राउटर

“कुणाचा ऊस तोडताव रं? कुणी सांगितलं तुमाला?”

बांधावरून ओरडत आलेल्या शेतकऱ्यानं हे विचारलं, तोवर माझ्या वडलांच्या टोळीनं अर्ध्याहून जास्त रान आडवं केलं होतं. टोळीचा मुकादम त्या दिवशी तापानं झोपून होता, म्हणून तोडीची चिठ्ठी वडलांच्या हातात आली होती. आज कोणत्या गट नंबरच्या रानातला ऊस तोडायचा, ते कारखाना त्या चिठ्ठीवर लिहून देतो. वडलांना वाचता येत नव्हतं. चिठ्ठी वाटणारा कारखान्याचा माणूस, ज्याला सगळे चिटबॉय म्हणतात, समोरच उभा होता. त्याला विचारता आलं असतं. वडलांनी विचारलं नाही. आदल्या दिवशी ज्या रानाचं बोलणं ऐकलं होतं, तिथं टोळी नेली. चिठ्ठी दुसऱ्या रानाची होती. तोडला तो ऊस त्या शेतकऱ्यानं बेण्यासाठी, म्हणजे पुढच्या लागवडीला, राखलेला होता.

पुढच्या हंगामात मुकादमानं आमचा कोयता घेतला नाही. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; आमच्याकडं ऊसतोडीची माणसं अशीच मोजतात. त्या वर्षी आई-वडील गावातच राहिले, कपिलधारच्या डोंगरापलीकडं, आणि आई रोजगार हमीवर खडी फोडायला गेली. मी तेव्हा आत्याकडं राहून शाळेत जात होतो. हे सगळं मला नंतर आईनं सांगितलं. वडील त्यावर आयुष्यभरात एकच वाक्य बोलले, “इचारायची लाज वाटली.”

मी आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. हे मी कुठंही ताठ मानेनं सांगतो. बीडला बी.एस्सी. केलं, मग औरंगाबादला कॉम्प्युटरचा डिप्लोमा. नोकरी लागली ती माजलगाव धरणाच्या पाण्यावर पिकणारा ऊस गाळणाऱ्या एका साखर कारखान्यात. डिपार्टमेंटचं नाव ईडीपी. म्हणजे कॉम्प्युटरचं जे काही असेल ते.

गोष्ट १९९९ च्या डिसेंबरची. गाळप जोरात होतं. आमची तीन गट ऑफिसं होती, लांबलांबच्या गावांत. कोणतं रान तोडून झालं, कोणती टोळी मोकळी झाली, हे ती ऑफिसं रोज दुपारनंतर लीज लाइनवरून कळवायची. लीज लाइन म्हणजे कायम जोडलेली टेलिफोनची तार. आमचा मेन कॉम्प्युटर लागवडीच्या तारखेप्रमाणे उद्याची यादी लावायचा. संध्याकाळी सातच्या आत गट ऑफिसात चिठ्ठ्या छापून निघायच्या आणि चिटबॉय लुनावर त्या घेऊन गावोगाव जायचे.

या सगळ्याच्या मधोमध राउटर नावाची एक डबी. कोणती माहिती कोणत्या ऑफिसला जायची, ते तिला ठाऊक. कॉम्प्युटरांचा चिटबॉयच म्हणा. ही सिस्टिम मी बसवली होती. इतकंच नाही, तर त्या हंगामापासून हाताची रजिस्टरं बंद करा, हे लेखी प्रपोजलही माझंच होतं.

त्याच महिन्यात एमडी साहेबांचं सर्क्युलर आलं. सन २००० लागल्यावर कॉम्प्युटर तारखा चुकतील अशी जगभर हवा होती, तिला वायटूके म्हणायचे. प्रत्येक मशीन तपासून त्यावर स्टिकर लावायचं होतं. राउटरचं फर्मवेअर जुनं निघालं. फर्मवेअर म्हणजे डबीच्या आत चिपवर कोरलेली तिची अक्कल. पुण्याच्या डीलरनं नवीन फर्मवेअर तीन फ्लॉप्यांवर पाठवलं.

सकाळी अकराला मी काम सुरू केलं. चिप लहान होती. जुनं आणि नवं एकदम मावत नव्हतं. म्हणून मशीन आधी जुनं पुसते आणि मग नवं घेते. पुसू का, असं तिनं विचारलं. मी हो म्हणालो. स्क्रीनवर उद्गारचिन्हांची रांग धावायला लागली. एकेक चिन्ह म्हणजे माहितीचा एकेक तुकडा पोचला. रांग अर्ध्यावर आली आणि ट्यूबलाइटनं डोळा मिचकावला. टर्बाइन ट्रिप झालं होतं. हंगामात कारखाना स्वतःची वीज स्वतः करतो. ती बंद पडली की बाहेरच्या विजेवर यायला काही सेकंद लागतात. यूपीएस त्यासाठीच असतो. आमच्या यूपीएसची बॅटरी हंगामाच्या तोंडालाच मेली होती. नवीची मागणी मी स्टोअरला दिली आणि विसरून गेलो. हा दोष माझा. दुसऱ्या कुणाचा नाही.

जुनं पुसलं गेलं होतं. नवं अर्धंच आलं होतं. लाइनचे तिन्ही दिवे विझलेले.

डीलरला फोन लावला. “बोर्ड काढून पाठवा,” तो म्हणाला. “पंधरा दिवस धरा.”

शेतकी अधिकारी जगताप साहेब दारात उभे. तोडणीचा सगळा प्रोग्राम त्यांच्या अंगावर.

“सानप, मला इंग्रजीत सांगू नका. संध्याकाळी चिठ्ठ्या निघणार का न्हाई?”

“बघतो, साहेब.”

“बघतो म्हणजे हो का न्हाई?”

“अजून मलाच माहीत नाही.”

“मग मी फोनवर गट नंबर उतरून घेतो. जेवढे लागतील तेवढे. राहिलेल्यांना कालची यादी चालवू.”

“कालची यादी नको, साहेब.”

“कावून?”

“तोडून झालेल्या रानावर टोळ्या जातील. नाहीतर भलत्याच्या उसात घुसतील.”

“एखादी गेली तर मी निस्तरतो ना!”

“ते निस्तरत नाही,” मी म्हणालो. आवाज जरा चढला असावा, कारण त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं.

“रजिस्टरं तुमीच बंद करायला लावली,” ते म्हणाले. “पाचपर्यंत थांबतो. पाचला मी फोन उचलणार.”

ते गेले. मी राउटरच्या मागं कन्सोल केबल लावली. ही डबीशी थेट बोलण्याची तार. एरवी वर्षातून एकदा लागते. डबी बंद करून चालू केली. वाटलं होतं, स्क्रीन काळीच राहील. पण एक ओळ आली. एक तुटक इंग्रजी शब्द, पुढं एकचा आकडा, पुढं बाणाचं टोक. मी एंटर दाबलं. एकचे दोन झाले. परत दाबलं. तीन.

मी नोकरीची काळजी तिथल्या तिथं विसरलो. सगळी अक्कल पुसली गेली असेल, तर मग मोजतंय कोण?

चार, पाच, सहा करत मी उगीच बाराव्या आकड्यापर्यंत गेलो. मग प्रश्नचिन्ह दाबून एंटर केलं. चांगल्या चालत्या राउटरमध्ये प्रश्नचिन्ह दिलं की तो मदतीची यादी दाखवतो, एवढं माहीत होतं. मेलेला दाखवेल याची आशा नव्हती. त्यानं दाखवली. पंधरा-वीस शब्दांची यादी. म्हणजे आत आणखी एक छोटी चिप होती. तिच्यावरचं काही पुसलं जात नव्हतं. तिला बाकी काही येत नव्हतं. आपल्याला काय काय करता येतं, तेवढं विचारल्यावर सांगता येत होतं.

यादीतला एक शब्द ओळखीचा निघाला, एक्समोडेम. कन्सोलच्या तारेतून फाइल पाठवायची जुनी रीत. ती कशी चालते, हे मला पुस्तकापेक्षा उसाच्या ट्रकवरून जास्त समजतं. मोळी डोक्यावर घेऊन माणूस फळीवरून चढतो. वरचा ती धरतो आणि म्हणतो, “आली.” मग पुढची मोळी. एक्समोडेम तसंच. एक छोटा तुकडा द्यायचा, पलीकडून ‘आली’ ऐकायचं, मग पुढचा द्यायचा. पक्कं काम, पण मुंगीच्या चालीनं. आमच्या फाइलच्या अशा तीस हजारांवर मोळ्या होत्या. पावणेदोन तासांचं काम.

बाराला सुरू केलं. पाऊण तास झाला आणि परत टर्बाइननं दगा दिला. कॉम्प्युटर बंद, राउटर बंद. पहिल्या मोळीपासून सुरुवात.

आता परत तेच करण्यात अर्थ नव्हता. आधी वीज पाहिजे. स्टोअरमध्ये बॅटरी नव्हती. बाजारातून खरेदी म्हणजे तीन सह्या, आणि सही करणारे दोघं बीडला मीटिंगला गेलेले. मी खिडकीशी उभा होतो. समोर गाडीतळावर वजनाच्या रांगेत उसाचे ट्रॅक्टर उभे होते. यूपीएसची बॅटरी बारा व्होल्टची. ट्रॅक्टरचीही बाराचीच.

रांगेच्या शेवटी उमापूरचे रशीदभाई ट्रॉलीच्या सावलीत पानाला चुना लावत बसले होते.

“रशीदभाई, बॅटरी पाहिजे. दोन-तीन तासांसाठी.”

“अन् टॅक्टर काय तुमी ढकलता?”

“पुढं किती गाड्या आहेत?”

“हायेत तीस-पस्तीस.”

“म्हणजे तुमचा नंबर पाचच्या आत येत नाही.”

“हिशेब लई पक्का हाय सायबाचा. कशाला पायजे?”

“एक मशीन मेलीय. ती उठली नाही तर उद्याच्या चिठ्ठ्या निघत नाहीत. तुमच्या ट्रॉलीचीबी नाही.”

पान तोंडात गेलं. “आमच्या उमापुरात मशीन मेली तर मिस्त्री बोलावतेत. दुसऱ्याच्या टॅक्टरचं काळीज कुणी मागत न्हाई.” असं म्हणत त्यांनी पाना काढला. “पर बॅटरीसंगं मी येणार. सोडून जात नसतो.”

बॅटरी त्यांनी खांद्यावर आणली. यूपीएस उघडला, तारा जोडल्या. टोकं उलटी नाहीत ना, हे मी तीनदा बघितलं. राउटर आणि कॉम्प्युटर, दोन्ही त्यावर घेतले. मेन स्विच बंद करून बघितला. दोन्ही चालू राहिले. एसीत साहेब बसावा तसे रशीदभाई पंख्याखाली माझ्या खुर्चीत बसले.

तीनला दहा कमी असताना परत पहिली मोळी टाकली.

“हे काय मोजायलंय?” रशीदभाईंनी स्क्रीनकडं बोट केलं.

“मोळ्या.”

“आन् एखादी वाटंतच पडली तर?”

“वरचा ‘आली’ म्हणत नाही. मग तीच परत द्यायची.”

“आन् वरचा खोटंच ‘आली’ म्हनला तर?”

हा प्रश्न मला डिप्लोमाच्या परीक्षेत कुणी विचारला नव्हता. “प्रत्येक मोळीसोबत तिच्या वजनाचा आकडा जातो,” मी सांगितलं. “वरचा वजन करून बघतो. जुळलं तरच हो म्हणतो.”

“मंग आपल्या वजनकाट्यापरीस इमानदार हाय की!” ते हसले आणि मग अर्धा तास प्रश्नांवर प्रश्न. त्यांना कशाचीच लाज वाटत नव्हती. मला वडील आठवले.

साडेतीनला ट्यूबलाइट गेली. यूपीएसनं एक लांब शिट्टी मारली. आकडा पुढं चालतच राहिला. रशीदभाईंनी बॅटरीवर हात ठेवला, बैलाच्या वशिंडावर ठेवतात तसा.

पाचला पंचवीस कमी असताना शेवटची मोळी गेली. मग स्क्रीन थांबली. काहीच हालेना. मनात आलं, डीलर म्हणाला तेच खरं. तेवढ्यात ओळी यायला लागल्या, एकीमागं एक, आणि सगळ्यात शेवटी राउटरनं आपलं नाव छापलं. तिन्ही ऑफिसांचे पत्ते आणखी एका, तिसऱ्याच चिपवर होते, ते शाबूत राहिले होते. लाइनचा पहिला दिवा लागला. मग दुसरा. तिसऱ्याला चार मिनिटं लागली. ती चार मिनिटं मी विसरलेलो नाही.

पाचला जगताप साहेब आले. माझ्या खुर्चीत ट्रॅक्टरचा ड्रायव्हर बघून ते दारातच थांबले.

“हे कोण?”

“पॉवर सप्लाय,” मी म्हणालो.

“चिठ्ठ्या?”

“ऑफिसांना आकडे पाठवायला सांगा, साहेब. फोन तेवढ्यासाठीच उचला.”

आता बॅटरीची तशी गरज उरली नव्हती, तरी यादी लागेपर्यंत रशीदभाई बॅटरी काढू देईनात. रांगेतला त्यांचा नंबर गेला. दोन गाड्या मागं गेले, आणि त्याबद्दल मला आठवडाभर टोमणे ऐकवले. ट्रॅक्टर मात्र पहिल्या चाबीला सुरू झाला.

यूपीएसची नवी बॅटरी त्याच आठवड्यात आली. पुढच्या दोन हंगामांसाठी हाताची रजिस्टरं परत सुरू केली. तसं प्रपोजल मीच लिहिलं आणि ‘माझी घाई झाली’ हे त्यात स्वच्छ मांडलं. नवं स्वतःच्या पायावर उभं राहीपर्यंत जुनं पुसायचं नाही. आणि पुसावंच लागलं तर आधी बॅटरी बघायची. वायटूकेचं स्टिकर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पोचलं. तेही लावलं.

सुट्टीत गावी गेलो तेव्हा वडलांना हे सांगितलं. त्यांना राउटर कळला नाही. प्रश्नचिन्हाचं मात्र त्यांनी दोनदा विचारलं.

“म्हणजे तू त्या मशिनीलाच इचारलंस?”

“विचारलं.”

“आन् तिनं सांगितलं?”

“सगळं.”

 मग ते म्हणाले, “टोळ्या नीट गेल्या का?”

गेल्या. त्या संध्याकाळी सातच्या आत तिन्ही गट ऑफिसांत चिठ्ठ्या छापून झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी एकाही टोळीनं चुकीच्या रानात कोयता घातला नाही.