उकिरड्यावरची पिल्लं

ससा गोंडस असतो असं ज्यांना वाटतं, त्यांना मी थंडीतल्या सकाळी आमच्या शेडचं दार उघडायला लावलं असतं. गारठा आत शिरू नये म्हणून चारी बाजूंनी बारदान बांधलेलं, आणि रात्रभर कोंडलेल्या मुताचा भपकारा असा यायचा की डोळ्यांना धार लागायची. नाकाला ओढणी गुंडाळली तरी दुपारची भाकरी त्याच वासाची लागायची. मोबाईलवर फोटो टाकला की मैत्रिणी ‘किती गोड’ म्हणून लिहायच्या. वासाचा फोटो निघत नाही, हे नशीब त्यांचं.

ही ब्याद घरात मीच आणली होती. तिसगावच्या अलीकडे आमचं कोरडवाहू रान. बाजरी आणि तूर सोडली तर हाती काही लागत नाही, म्हणून तालुक्याला जाऊन प्रशिक्षण घेतलं आणि आठ माद्या, दोन नर टेम्पोतून घरी आणले. नवरा म्हणाला, लोक घोडेगावच्या बाजारातून म्हशी आणतात, तू हे काय आणलंस. माझ्या सासूबाईंनी, त्यांना मी आत्या म्हणते, शेडमध्ये पायच ठेवायचा नाही असं ठरवून टाकलं. पावसाळ्यातली वेतं बरी गेली. मग थंडी पडली आणि पिल्लं मरायला लागली. या थंडीत जगली नाहीत तर पिंजरे मोडून कोंबड्या ठेवायच्या, असं नवऱ्यानं सरळ सांगितलं.

मादी व्यायच्या आधी स्वतःच्या पोटाचे केस उपटून पिंजऱ्यात ठेवलेल्या लाकडी पेटीत अंथरते. प्रशिक्षणात हे किती मायेनं सांगितलं होतं! आमच्या माद्या केस उपटायच्या पेटीत आणि व्यायच्या बाहेर, पिंजऱ्याच्या तळाच्या जाळीवर. सोललेल्या बोटांसारखी बिनकेसांची लाल पिल्लं जाळीवर पडलेली असत आणि आई शेजारी बसून निवांत घास चघळत असे. बाहेर पडलेलं पिल्लू उचलून पेटीत न्यायची अक्कल सशाला नसते. एकीनं तर पिल्लाचे पाय खाल्ले होते. त्यानंतर दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

मी पिल्लांना हात लावत नसे. किळस यायची, दुसरं काही नाही. चुलीतली राख ओढायचा पत्रा जाळीवरून सरकवायचा, गार पडलेली पिल्लं त्यावर घ्यायची आणि तोंड फिरवून उकिरड्यावर टाकायची. मेलेलं काहीही चूल पेटायच्या आत घराबाहेर काढायचं, ही आमच्या घरची रीत. ती मला सोयीचीच पडली. चहा ठेवायच्या आधी सगळं उरकलेलं असे.

त्या दिवशी सगळ्यात थोराड मादी व्याली होती. माझी सगळी भिस्त तिच्यावर होती. सात पिल्लं, आणि सातही जाळीवर. ओलसर, गार, हालचाल नाही. पत्र्यावर घेतली, टाकून आले, चूल पेटवली. आता पिंजरे मोडणार म्हणून मला रडू यायला हवं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं.

थोड्या वेळानं आत्या शेणाची पाटी घेऊन उकिरड्यावर गेल्या आणि तिथूनच त्यांनी मला हाक मारली. आत शेण कुजत असतं, त्यामुळे थंडीत उकिरड्यातून वाफ निघते. त्या उबेत, शेणाराखेत बरबटलेली पिल्लं वळवळत होती. पाच होती. दोन जागची हलली नव्हती. आत्यांनी ती शेणासकट उचलून लुगड्याच्या ओच्यात घेतली आणि पोटाशी धरून चुलीपुढे येऊन बसल्या. घाण आहे ती, असं मी म्हटलं. त्या एकेक पिल्लू बोटानं पुसत राहिल्या.

“गार पडलं म्हंजी मेलं असं न्हाई,” त्या म्हणाल्या. “शेरडाचं करडू बी थंडीत असंच पडतंय. आधी ऊब द्यायची, मग बघायचं मेलंय का. तू ऊब दिल्ती का?”

माहेरी शेरडं होती. पडलेलं करडू पोत्यात गुंडाळून चुलीपाशी ठेवायचं काम लहानपणी माझंच असे. मला हे ठाऊक होतं. पण या पिल्लांना धरायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा, म्हणून मी ती मेली असं ठरवून मोकळी होत होते.

“आन् आधीची?” आत्यांनी विचारलं. “ती बी अशीच टाकली का तिथं?”

मी हो म्हटलं. त्यांनी पुढचं पिल्लू पुसायला घेतलं.

पाचही जगली. आत्यांनीच मादीला धरून त्यांना पाजलं. नवरा पिंजरे मोडायचं बोलेनासा झाला, आणि मी भर थंडीत पिल्लं वाचवली असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला. ते कानावर पडलं की मला शेडमध्ये यायची त्याहून जास्त शिसारी येते, आणि ती सशांची नसते.

त्या दिवशी दाट धुकं होतं, म्हणून कावळे उतरले नव्हते. एरवी मी पत्रा घेऊन बाहेर यायच्या आधीच ते बांधावर येऊन बसलेले असत. माझी पाठ वळली की त्यांचा कालवा सुरू व्हायचा. मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर ते मेलेलं खातायत की जिवंत, हे मला तेव्हाच कळलं असतं.