पाठमोरा धम्मानंद

“पाठीले नाव नसते वं,” धम्मानंद एकदा लेकीला, मेघाला म्हणाला होता, नि विषय तिथंच संपवला होता.

खापरखेड्याच्या वीज केंद्रात सिनेमाचं शूटिंग झालं, तेव्हा बॉयलरच्या उंच जिन्यावर नायकाच्या जागी हा चढला होता. नायकाला उंचीची भीती. याची तीस वर्षं त्याच जिन्यावर गेलेली. गणवेश तोच, पिवळं हेल्मेट तेच, कॅमेरा मागून. नामावलीत त्याचं नाव नव्हतं. मेघानं मात्र हुडकेश्वरला, सासरी, बाबा सिनेमात आहेत असं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

दुपारच्या शोला बापलेक शेजारी बसले. पलीकडे जावई रोहित.

“यातले बाबा कोणते?” रोहितनं विचारलं. “का इंटरव्हलनंतर येऊन राहिले?”

“चूप बस ना.”

पडद्यावर पाठ येत होती, जात होती, आणि ती नायकाची की बाबांची, मेघाला कळत नव्हतं. शाळेला जाताना सायकलवर मागं बसून रोज पाहिलेली पाठ. आता परक्या माणसाला बाबा म्हटलं तर? तेही बाबांच्या शेजारी बसून?

मग जिना आला. वर चढणाऱ्यानं कठड्याला आधी पालथा हात टेकवला, क्षणभरच, नि मग मूठ आवळली. बॉयलरवर काम करणाऱ्यांची ही रीत. लोखंड तापलेलं असलं तर पालथा हात आपोआप मागं येतो. तळव्यानं धरलं की सोडवत नाही. घरी दूध असो की मेघाचा तापलेला गाल, धम्मानंद असंच बघायचा.

“हे बाबा,” ती म्हणाली. रोहित हसला नाही.

पण पुढच्याच प्रसंगात नायक समोरून आला, स्वतःच्या चेहऱ्यानं. घरात शिरला आणि तापलेल्या मुलीच्या गालाला त्यानं पालथा हात टेकवला. म्हणजे जिन्याखाली बसून तो माणूस सगळे दिवस हिच्या बापाकडे बघत होता. चेहरा परका, आणि तरी तो स्पर्श मेघाला स्वतःच्या गालावर जाणवला. कोण कोणाच्या जागी उभं होतं, हे आता तिला सांगता आलं नसतं.

“तुम्हाले माहीत होतं, बाबा?”

नायक मुलीजवळून उठेपर्यंत धम्मानंद पडद्याकडेच बघत राहिला. मग त्यानं अंधारात पायानं चपला चाचपल्या. रोहितनं गुडघे आखडून वाट दिली. धम्मानंद पाठमोराच, डोळ्यांना पालथा हात लावत बाहेर गेला.